किमोनोची कुठली बाजू वर?

मा. मुख्याध्यापिका बाई आणि सांस्कृतिक समितीतले सर्व शिक्षक, यांस सप्रेम नमस्कार.

मागच्या शनिवारी शाळेत 'जपान दिवस' झाला. मी चौथीतल्या एका मुलीचा बाप. पालकांच्या ग्रुपवर 'पडद्यामागे मदतीला कोण येईल?' असा निरोप आला तेव्हा मीच हात वर केला, आणि त्या दिवशी मुलींना किमोनो घालायचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे पुढे ज्या चुकांबद्दल लिहिणार आहे त्यांतल्या निदान बारा माझ्याच हातच्या आहेत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

त्या बारांपासूनच सुरुवात करतो.

भाड्याने आणलेल्या पिशव्यांवर 'किमोनो' अशी चिठ्ठी होती. आत निघाले ते युकाता, म्हणजे उन्हाळ्यात घालायचा बिनअस्तराचा सुती प्रकार. पण तो फरक तेव्हा मला कुठे ठाऊक होता! मुलींनी गणवेशावरच ते चढवले आणि रांगेत उभ्या राहिल्या. मी एकेकीसमोर गुडघ्यावर बसून दोन्ही पदर एकमेकांवर आणत होतो आणि वरून पट्टा आवळत होतो. माझ्या सदऱ्याची डावी बाजू वर येते, त्याच अंदाजाने डावा पदर वर घेत गेलो. फक्त मी त्यांच्या समोर बसलो होतो. माझी डावी ती त्यांची उजवी. बाराच्या बारा उलट्या.

शेवटच्या मुलीचा पट्टा बांधत असताना तिसरीतल्या एका मुलाची आई त्याची पाण्याची बाटली द्यायला आत आली आणि दारातच थबकली. त्या मूळच्या जपानच्या. हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. फाटकापाशी रोज दिसायच्या, मान लववायच्या, मी हात हलवायचो, एवढीच ओळख. रांगेवरून एकदा नजर फिरवून त्या म्हणाल्या, "मी करू का जरा?" पर्स खुर्चीवर ठेवली. पहिल्या मुलीच्या मागे उभं राहून त्यांनी मी मारलेली गाठ सोडली, पाठीवरची शिवण बरोबर कण्याच्या रेषेत आणली, उजवा पदर आधी आत सारला, डावा त्यावर घेतला, मानेपाशी दोन बोटं घालून गळपट्टी किंचित मागे ओढली आणि पट्टा बांधला. मोजून मिनिटभर लागलं असेल. मग दुसरी. तिसरीपासून मी बघून बघून करायला लागलो, पण माझ्या चार होईपर्यंत त्यांच्या आठ झाल्या होत्या.

"उलटं झालं होतं का?" मी विचारलं.

"हो. आमच्याकडे तसं माणूस गेल्यावर घालतात." आणि लगेच, माझाच चेहरा बघून असेल, "लहान मुली आहेत हो, चालतं."

घरी येऊन वाचत बसलो. डावा पदर वर हा नियम बाई-पुरुष सगळ्यांना सारखा आहे, आणि तो काही शिंप्याच्या लहरीवर आलेला नाही. इ.स. 719 मध्ये जपानच्या दरबाराने तसा हुकूमच काढला होता. तेव्हा चीनमधल्या थांग दरबाराचा रिवाज तिकडे आदर्श मानला जाई. तेराशे वर्षं झाली, अजून पाळतात. मृताचं मात्र उलट, कारण गेलेल्याचं सगळंच जगत्याच्या उलट करायचं. समोरून बघणाऱ्याला गळ्यापाशी इंग्रजी बाराखडीतला छोटा 'वाय' दिसला की बरोबर, ही तिथली मुलांना सांगायची सोपी खूण. एवढी एक ओळ कुणी मला कागदावर लिहून दिली असती तर काम भागलं असतं. ती लिहून देऊ शकणारी बाई रोज दुपारी आपल्याच शाळेच्या फाटकापाशी उभी असते. तिला कुणी विचारलं नव्हतं.

बाई, माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. बाकीचं पत्र ते पटवण्यासाठी.

त्या दिवशीचा रंगमंच आठवून पाहा. मागे पांढऱ्या कापडावर लाल सूर्य आणि त्यातून चहूकडे गेलेले लाल किरण. कलाशिक्षकांनी दोन दिवस खपून ते रंगवलं होतं, सुरेखच झालं होतं, म्हणून लिहिताना वाईट वाटतंय. पण जपानचा राष्ट्रध्वज म्हणजे पांढऱ्यावर नुसता लाल गोळा. 1999 सालच्या कायद्याने तो तसा ठरलेला आहे. सोळा किरणांचा झेंडा शाही सैन्याचा आणि नौदलाचा. त्याच झेंड्याखाली शेजारच्या देशांत काय काय झालं ते कोरियन आणि चिनी माणसं विसरलेली नाहीत. कोरिया 1910 ते 1945 जपानच्या ताब्यात होता. जपानच्या सागरी दलावर तो झेंडा आजही फडकतो आणि तिथल्या पुष्कळांना त्यात गैर वाटत नाही, तो त्यांचा वाद आहे, चालू आहे. आपण मात्र तो चौथीच्या पोरांच्या पाठीमागे टांगला तो केवळ शोधल्यावर पहिलं चित्र तेच आलं म्हणून.

त्या पडद्यापुढे मुलांनी दोन्ही हात जोडून, वाकून 'कोन्निचिवा' केलं. तिकडे नमस्काराला वाकतात, पण हात अंगालगत सरळ असतात. हात जोडतात ते देवळात, आणि जेवणाआधी 'इतादाकिमास' म्हणताना. मग लाल कंदील आले, कागदी ड्रॅगन आला, कुंग-फू आलं. यातलं शेवटचं तर सरळ चीनचं. ड्रॅगन जपानी कथांतही असतो, पण काठ्यांवर नाचवलेला तो लांबलचक ड्रॅगन बघून सगळ्यांना आठवतं ते चिनी नववर्ष, आणि निवेदनातही 'जपानी नववर्षाचं नृत्य' असंच सांगितलं गेलं. जपानने 1873 पासून पाश्चात्य दिनदर्शिका घेतली. तिथलं नवं वर्ष 1 जानेवारीलाच येतं.

'गेशा नृत्य' होतं, आठ-नऊ वर्षांच्या मुलींचं, पंखे आणि तोंडाला पांढरा रंग. गेशा म्हणजे वर्षानुवर्षं नाच, गाणं, शामिसेन नावाचं तीन तारांचं वाद्य आणि संभाषणाची रीत शिकून तयार झालेली व्यावसायिक कलावंत. क्योतोत त्यांना गेइको म्हणतात आणि उमेदवारी करणाऱ्या मुलींना माइको. एखाद्या देशातल्या बायका दाखवायच्या म्हटल्यावर आपल्याला शिक्षिका, डॉक्टर, कोळीण, अंतराळवीर यांतलं काहीच न सुचता हेच कसं सुचतं, यावर समितीने कधी तरी चहा पिता पिता बोलावं.

खाण्याच्या टेबलावर भाताचे वाडगे मांडले होते आणि प्रत्येक वाडग्यात चॉपस्टिक्सची जोडी उभी खोचलेली. फोटो फार छान आला. फक्त तिथे भातात काड्या उभ्या खोचतात त्या मृतासमोर ठेवायच्या वाडग्यात. आणि मुलांची जी शर्यत घेतली, एकाने काडीने घास उचलायचा आणि दुसऱ्याने तो आपल्या काड्यांत धरायचा, तीही चुकीचीच. दहनानंतर अस्थी वेचताना नातेवाईक तसं करतात, म्हणून जेवताना काडीवरून काडीवर काहीही द्यायचं नाही, हे तिकडे पोरांना दटावून शिकवतात. थोडक्यात, आपण बारा मुलींना अंत्यसंस्काराचा पोशाख घालून, मृतासमोर ठेवायच्या भातावर, अस्थी वेचायचा खेळ खेळलो. ठरवून केलं असतं तर इतकं नेमकं जमलं नसतं. आता लिहिताना हसू येतंय, हे कबूल करतो. त्या आईंनाही कदाचित आलं असेल.

यातल्या एकाही गोष्टीने आभाळ कोसळलं नाही. अजाणता झालेल्या चुका माणसं पोटात घालतात, त्यांनी घातल्याच. पण एका गोष्टीबद्दल मला असं म्हणता येणार नाही, आणि हे पत्र मी मुख्यतः तिच्यासाठी लिहितोय.

सहावीच्या मुलांचं ते विनोदी प्रहसन. दोन 'जपानी पर्यटक', गळ्यात कॅमेरे, आणि दोघांनी बोटांनी डोळ्यांचे कोपरे ओढून बारीक केलेले. तोंडाने 'चिंग चांग' असं काहीतरी. सभागृह खदाखदा हसलं. मी विंगेत उभा होतो, तिथून पहिली तीन-चार बाकं नीट दिसतात. तिसरीचा वर्ग तिथेच होता. त्या मुलाच्या उजव्या-डाव्या बाजूची मुलं हसत हसत त्याच्याकडे वळली. एकाने त्याच्याकडे बघून आपले डोळे ओढले, दोस्तीतच, त्याला दाखवायला. तो आधी रंगमंचाकडे बघत होता. मग शेजाऱ्याकडे बघितलं. मग तोही हसला. सगळ्यांपेक्षा जरा उशिरा.

प्रहसन लिहिणाऱ्या सरांच्या मनात वावगं काही नव्हतं, मी त्यांना ओळखतो. पण तालमी तीन आठवडे चालल्या. त्या तीन आठवड्यांत पाच-सहा मोठी माणसं ते बघून गेली असतील. मीही एकदा बघितलं होतं. एकालाही खटकलं नाही, कारण आम्हा कुणाच्याच डोळ्यांबद्दल ते नव्हतं.

मधल्या निवेदनाचं काय करावं ते कळत नाही. 'जपानमध्ये मुलं स्वतः शाळा झाडतात, आणि तुम्ही? कागदाचे बोळे टाकता!' हे वाक्य कार्यक्रमात तीन वेळा आलं. खरं आहे, तिथल्या शाळांत रोज सफाईची वेळ असते, 'सोजी' म्हणतात, मुलं फडकी घेऊन जमीन पुसतात. पण त्या देशाकडे मुलांना ओरडण्यासाठीची छडी म्हणून बघितलं की मुलं त्याच दिवशी त्याला कंटाळतात. आणि तिकडची मुलंही काही संत नाहीत. त्या आईंना मी हे वाक्य ऐकवलं तर त्या हसून म्हणाल्या, "आम्ही फडक्यावर हात टेकून वऱ्हांड्यात शर्यत लावायचो. बाई ओरडायच्या." ही शर्यत जर रंगमंचावर आली असती! मुलांना त्या एका गोष्टीत अख्खी जपानी शाळा दिसली असती.

शिवाय ज्या शिस्तीचे आपण गोडवे गातो तिच्याशी तिथली मुलं भांडतही असतात. ओसाकातल्या एका सरकारी शाळेने मूळच्या तपकिरी केसांच्या मुलीला केस काळे करायला भाग पाडलं, म्हणून तिने 2017 मध्ये खटला भरला. देशभर चर्चा झाली, आणि 2022 पासून टोक्योच्या सरकारी माध्यमिक शाळांतून असले काही नियम काढूनही टाकले गेले. आठवी-नववीच्या मुलांना हे सांगून बघा. ते मोबाईल खाली ठेवून ऐकतील.

आता समितीतून येणारं उत्तर मला दिसतंय. 'म्हणजे काही करूच नये का? केलं की चुका निघणार, त्यापेक्षा न केलेलं बरं.' मला तसं अजिबात म्हणायचं नाही. उलट काही देशांत हे जे टोक गाठलं जातं, की दुसऱ्याच्या कपड्याला हात लावला म्हणजे अपराध, ते मला पटत नाही. 2015 मध्ये बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात क्लोद मोने यांच्या एका चित्रासमोर किमोनो अंगावर घेऊन बघायची सोय केली होती. चित्रातही एक फ्रेंच बाई किमोनोतच उभी आहे. हा अपमान आहे म्हणून काही तरुण फलक घेऊन उभे राहिले आणि संग्रहालयाने घालून बघणं बंद केलं. तेव्हा त्यांच्यासमोर 'घालू द्या की!' म्हणायला आलेल्यांत जपानी माणसंही होती. हाच किमोनो त्याआधी जपानमधल्या प्रदर्शनांत लोकांनी हौसेने अंगावर घेतला होता. आजही क्योतोत परक्या पाहुण्यांना किमोनो भाड्याने देणारी दुकानं आहेत, नीट नेसवून देतात, फोटोही काढून देतात.

तेव्हा प्रश्न घालण्या-न घालण्याचा नसावा. त्याच क्योतोच्या महापौरांनी 2019 मध्ये एका अमेरिकन तारकेला खुलं पत्र लिहिलं होतं. तिने आपल्या अंतर्वस्त्रांच्या नव्या मालाला 'किमोनो' हे नाव देऊन ते नोंदवायचा घाट घातला होता. पत्र इतकं मऊ होतं की रागाचा एक शब्द सापडत नाही: किमोनो म्हणजे काय ते सांगितलं, हे नाव सगळ्यांचं आहे म्हटलं, आणि क्योतोला येऊन बघून जा असं आमंत्रण दिलं. तिने नाव बदललं. मला तितकं मऊ लिहिता येत नाही, पण नमुना तोच समोर ठेवलाय.

मग करायचं काय? माझ्या मते, थोडं करायचं. एका दिवसात बारा 'आयटम' बसवण्यापेक्षा एकच गोष्ट घ्यायची आणि मुलांच्या हातांना ती करायला वेळ द्यायचा.

आपल्या कार्यक्रमात अशी एक गोष्ट होतीसुद्धा. तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, एवढंच. फाटकापाशी कुंडीत बांबूची फांदी रोवून तिच्यावर मुलांनी इच्छा लिहिलेल्या रंगीत कागदी पट्ट्या बांधल्या होत्या. हे तानाबाता. सातव्या महिन्याच्या सातव्या दिवसाचा सण. बऱ्याच ठिकाणी 7 जुलैला होतो, सेंदाई शहरात मात्र ऑगस्टच्या 6 ते 8 तारखांना, आणि तिथे रस्तेच्या रस्ते कागदी झिरमिळ्यांनी भरतात. गोष्ट चीनहून आली: ओरिहिमे ही आकाशातली विणकरीण आणि हिकोबोशी हा गुराखी. एकमेकांत इतके रमले की माग थांबला आणि गुरं मोकाट सुटली. तिच्या बापाने रागावून दोघांच्या मधे आकाशगंगा घातली आणि वर्षातून एकच रात्र भेटायची मुभा दिली. ओरिहिमे म्हणजे अभिजित तारा, हिकोबोशी म्हणजे श्रवण. त्या रात्री पाऊस आला तर नदीला पूर, भेट हुकली. म्हणून पोरं आकाशाकडे डोळे लावून बसतात.

यात काय काय आहे बघा. विज्ञानाच्या बाईंना दोन तारे दाखवता येतात. हस्तकला आहे, हस्ताक्षर आहे. 'चीनची गोष्ट जपानची कशी झाली?' हा इतिहासाचा तास आहे. आणि इच्छा लिहायची म्हटल्यावर प्रत्येक मुलाकडे लिहायला काहीतरी असतंच. त्यासाठी ना भाड्याचे कपडे लागतात, ना तोंडाला रंग. एवढ्यावर आख्खा आठवडा निघाला असता. आपण ती फांदी फाटकाशी शोभेला ठेवली आणि आत कुंग-फू केलं.

किंवा कामिशिबाई घ्या. लाकडी चौकटीत चित्रांचे पुठ्ठे, एकेक ओढून काढत गोष्ट सांगायची. 1930 च्या दशकात गोष्ट सांगणारे सायकलवरून गल्लीत यायचे, दोन लाकडी ठोकळे आपटून मुलांना गोळा करायचे, आधी गोळ्या-मिठाई विकायचे आणि विकत घेणाऱ्यांना पुढे बसायला मिळायचं. त्यावरच त्यांचं पोट. घरोघर टीव्ही आला तेव्हा जपानी लोक त्याला 'विजेची कामिशिबाई' म्हणत. आपल्या पाचवीच्या वर्गाला पुठ्ठे आणि रंग द्या, त्यांना गोष्ट सुचायला एक दिवस लागणार नाही. आवरायला मात्र आठवडा लागेल.

कागदाचा बगळा तर सगळ्यांनी केलाच. प्रत्येकाच्या हातात एक होता, नंतर पायाखालीही आले. पण कुणी सादाको सासाकीचं नाव काढलं नाही. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. 1955 मध्ये, बाराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने गेली, आणि इस्पितळात असताना बगळे करत राहिली. पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो: तिच्या वर्गातल्या मुलांनी ठरवलं की तिच्यासाठी आणि बॉम्बने गेलेल्या सगळ्या मुलांसाठी स्मारक करायचं, देशभरच्या शाळांतून पैसे जमले, आणि ते 5 मे 1958 रोजी हिरोशिमाच्या शांतता उद्यानात उभं राहिलं. 5 मे हा तिकडे बालदिन. ही गोष्ट दुसरीला नको असेल, मान्य. सातवीला का नको?

जेवणाबद्दल दोनच वाक्यं. वाडगे मांडण्यापेक्षा, तिथल्या प्राथमिक शाळांत डोक्याला पांढरी टोपी आणि अंगात एप्रन घालून मुलंच आपल्या वर्गाला वाढतात, ते एक दिवस करून बघता आलं असतं. 'क्यूशोकू' नावाच्या या शाळेतल्या जेवणाची सुरुवात 1889 मध्ये त्सुरुओका गावातल्या एका शाळेत, गरीब मुलांना भाताचे गोळे आणि मासा देण्यापासून झाली असं तिकडे मानतात. चौथीच्या मुलांनी पहिलीच्या मुलांना वाढलं असतं, सांडलं असतं, पुसलं असतं.

आणि जपान म्हणजे एकसारखी माणसं हेही खरं नाही. उत्तरेच्या होक्काइदोत आयनू लोक आहेत, ज्यांना 2019 च्या कायद्याने मूळनिवासी म्हणून मान्यता मिळाली. दक्षिणेचं ओकिनावा म्हणजे 1879 पर्यंतचं वेगळं ऱ्यूक्यू राज्य. त्यांचं वाद्य वेगळं, नाच वेगळा. एका दिवसात हे सगळं मावणार नाही. न मावो. निदान निवेदनात 'सगळे जपानी' हे दोन शब्द कमी वेळा यावेत.

गंमत अशी की ज्या देशाचा दिवस आपण केला त्या देशात 'संस्कृती दिन' नावाची सुट्टीच आहे. 3 नोव्हेंबर. 1946 मध्ये त्याच तारखेला नवी राज्यघटना जाहीर झाली, आणि 1948 पासून सुट्टी. त्या सुमाराला तिथल्या कितीतरी शाळांत 'बुंकासाई', म्हणजे शाळेचा सांस्कृतिक उत्सव भरतो. वर्गाने काय करायचं ते मुलंच ठरवतात: नाटक, उपाहारगृह, भुताचं घर. फसलं तरी त्यांचं, जमलं तरी त्यांचं. पालक बघायला येतात. पडद्यामागे गाठी मारायला नाहीत. हे वाचल्यापासून माझ्या हातांना जरा बरं वाटतंय.

आता समितीकडे मागणं. प्रहसनाची चित्रफीत शाळेच्या पानावर अजून आहे. ती कृपया आजच उतरवा. सहावीच्या त्या दोन मुलांना बोलावून झापू नका, त्यांनी मोठ्यांनी बसवलेलं केलं. मात्र ज्यांनी बसवलं त्यांनी त्यांच्याशी बसून बोलावं. तिसरीतल्या मुलाला प्रार्थनेच्या वेळी पुढे उभं करून माफी मागायचा विचार कुणाच्या मनात येत असेल, तर हात जोडून सांगतो, तसं करू नका. त्याला नऊशे मुलांसमोर 'जपानी मुलगा' म्हणून उभं करणं हे पहिल्याच चुकीचं पुढचं पाऊल होईल. त्याच्या आईशी कुणीतरी एकट्याने, शांतपणे बोलावं. पुढच्या वेळी मदत मागावी, आणि 'नाही' म्हणायचीही मोकळीक असावी. त्या काही जपानच्या वकिलातीच्या नोकर नाहीत. त्यांना कदाचित चित्रकलेचा तास घ्यायला आवडेल, कदाचित काहीच करायला आवडणार नाही.

पुढच्या वर्षी मेक्सिको असं कानावर आलंय. काळजी वाटली. मोठ्या टोप्या, चिकटवलेल्या मिशा आणि तोंडावर कवट्या डोळ्यांसमोर आल्या. 1 आणि 2 नोव्हेंबरचा त्यांचा मृतांचा दिवस म्हणजे भुतांची जत्रा नव्हे; गेलेल्या आप्तांसाठी घरात वेदी मांडतात, झेंडूची फुलं पसरतात, त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवतात. युनेस्कोच्या वारशांच्या यादीत तो 2008 पासून आहे. आणि 5 मे हा त्यांचा स्वातंत्र्यदिन नाही, तो 16 सप्टेंबर. 5 मे ही 1862 मधल्या पुएब्लाच्या लढाईची तारीख, आणि तिचा गाजावाजा अमेरिकेतच जास्त. एवढं मला पुस्तकांतून सांगता येतं. पुस्तकात नसलेलं सांगणारं कुणी आपल्या शाळेच्या फाटकापाशी उभं असतं का, ते प्रवेशअर्ज चाळून आधी बघा. नसेलच, तर दुसरा देश घ्या, जिथलं कुणी आहे असा.

बाराही युकाता धुऊन, घड्या घालून मी कार्यालयात जमा केले आहेत. घड्या त्या आईंनी दाखवल्या तशा घातल्यात, बाह्या आत.

अजून एक वस्तू माझ्याकडे आहे. सोमवारी मुलीला सोडायला आलो तेव्हा ती बांबूची फांदी सायकलतळाच्या मागे कचऱ्यात पडली होती, रात्रीच्या पावसात भिजलेली. तानाबाताच्या पट्ट्या सण संपला की पूर्वी नदीत सोडत, कुठे कुठे जाळतात. कशाही असोत, कचऱ्यात जात नाहीत. जेवढ्या सुटल्या तेवढ्या सोडवून घरी वाळवल्या, त्रेपन्न भरल्या. बऱ्याचशांवर शाई पसरली आहे. सायकल हवी आहे, आजी बरी व्हायला हवी आहे, गणिताचा तास रद्द व्हायला हवा आहे. एक पट्टी जपानी अक्षरांत आहे, पेन्सिलने लिहिलेली, त्यामुळे पावसात टिकली. ती मला वाचता येत नाही आणि कुणाकडून वाचून घेणंही बरं वाटलं नाही. पाकिटात वेगळी ठेवली आहे. तिसरीच्या वर्गशिक्षिकांकडे देतो; त्यांनी ती ज्याची त्याला, मधल्या सुट्टीत, कुणी बघत नसताना द्यावी.

आपला,
चौथीतल्या एका मुलीचा बाबा